टाकीमागची शेवंती

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आई परडी घेऊन फाटकाजवळच्या शेवंतीपाशी गेली आणि रिकामी परडी घेऊन परत आली. शेवंतीचे सहा ठोंब ओळीने उभे होते. गुडघ्याच्या वर वाढलेले, पानांनी गच्च, हिरवेगार. कळी मात्र एकही नव्हती. अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे मी लावलेला एकच ठोंब होता, तो पिवळ्या फुलांनी वाकला होता. त्या दिवशी पूजेला फुले तिथूनच आली. आई दिवसभर त्याविषयी काही बोलली नाही. संध्याकाळी पणत्या लावताना म्हणाली, "तुझ्या हाताचं फुललं रे बाबा. माझ्या हाताला आता फूल येत नाही."

हे वाक्य मला लागले, याचे कारण सांगायला हवे. वडील गेल्यानंतर आई वसमत तालुक्यातले आमचे गाव सोडून हिंगोलीला माझ्याकडे आली. येताना तिने दोन लुगडी, देव आणि ओल्या पोत्यात गुंडाळलेले शेवंतीचे फुटवे आणले. गावच्या घरासमोर ही शेवंती माझ्या लहानपणापासून दर दिवाळीला फुलत आली होती. इथे आल्यावर आईने ते फुटवे फाटकाजवळ स्वतःच्या हाताने लावले. एक उरला तो मी टाकीमागे खोचला. म्हणजे सातही ठोंब एकाच झाडाचे. पहिल्या वर्षी सगळे वेळेवर फुलले. दुसऱ्या वर्षी माझा फुलला, तिचे सहा फुलले नाहीत. त्यानंतर आईने बागेत जाणेच कमी केले.

आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ते सहा ठोंब एकदम फुलले. टाकीमागची फुले केव्हाच वाळून गेली होती. गल्लीत इतर कुणाच्या अंगणात शेवंती उरली नव्हती आणि आमच्या फाटकापाशी मात्र पिवळा ढीग पडल्यासारखे दिसत होते. सकाळच्या थंडीत दव पडलेली ती फुले पाहायला शाळेत जाणारी मुले थांबत. मी रोज चहाचा कप घेऊन पायरीवर बसू लागलो. दिवाळीतल्या शेवंतीकडे एवढे निवांत पाहायला कुणाला वेळ असतो? पण शेजारच्या एक वयस्कर काकू फाटकातूनच म्हणाल्या, "अवेळी फुललेलं घराला बरं नसतंय." आई हसली. पण त्या दिवशी तिने फुले तोडली नाहीत.

मी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवले. आईच्या हाताचा यात दोष नाही, हे मला मनोमन माहीत होते. पण 'माहीत असणे' आणि 'दाखवून देता येणे' यांत फरक आहे. तो फरक भरून काढण्यासाठी मी जे वाचले, पाहिले आणि मोजले, त्याचा हा वृत्तान्त आहे.

शेजारच्या काकूंचे मत जुने आहे, आणि त्याला आधारही मोठा आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त उत्पातांचे, म्हणजे अनिष्टसूचक विपरीत घटनांचे, एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यात झाडांचे उत्पात येतात आणि ऋतू सोडून येणारा फुलोरा त्यांतलाच एक. गंमत अशी की त्याच ग्रंथात वृक्षायुर्वेदाचेही प्रकरण आहे. तिथे हाच वराहमिहिर एखाद्या अनुभवी माळ्यासारखा बोलतो. झाड फळेना तर कुळीथ, उडीद, मूग, तीळ आणि जव दुधात शिजवून, गार करून ते दूध झाडाला घालावे, असा उपाय देतो. एका प्रकरणात झाड राज्याचे भविष्य सांगते, तर दुसऱ्यात ते केवळ एक भुकेला जीव असते. दोन्ही दृष्टी एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात. आपल्या घरांतही त्या तशाच नांदत आल्या आहेत.

कवींचे म्हणणे तिसरेच. झाड फुलत नाही, कारण त्याची एक इच्छा अपुरी असते. तिला संस्कृतात 'दोहद' म्हणतात. आपला 'डोहाळे' हा शब्द त्यातूनच आला. सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाला की अशोक फुलतो, हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध संकेत. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त राणी धारिणीचा सुवर्णाशोक वेळ होऊनही फुलत नाही. झोपाळ्यावरून पडून राणीचा पाय दुखावलेला असतो, म्हणून ती मालविकेला पाठवते. पाच रात्रींत अशोक फुलला तर तुझी इच्छा पुरी करीन, असे वचनही देते. रखडलेल्या फुलांवर नाटकाची सारी गुंतागुंत उभी राहते. मला यात एक गोष्ट मोलाची वाटते. अपशकुन मानणारा माणूस झाडाकडे पाहून घाबरतो. दोहद मानणारा मात्र झाडाला विचारतो, बाबा, तुला काय हवे होते?

विज्ञानानेही पुढे हाच प्रश्न विचारला. त्याच्या उत्तराची सुरुवात ज्या दोन पिकांपासून झाली, त्यांतले एक हिंगोलीकरांच्या रोजच्या ओळखीचे आहे. ते म्हणजे सोयाबीन. आमच्याकडे खरिपात नजर जाईल तिथे सोयाबीन असते. पाऊस लांबला आणि पेरणी उशिरा झाली तर झाड बुटके राहते, पण फुलायला फार मागे राहत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. अमेरिकेच्या शेती खात्यातले गार्नर आणि अॅलार्ड हे दोन शास्त्रज्ञ नेमके याच गोष्टीने चक्रावले होते. त्यांनी सोयाबीनचा एकच वाण काही दिवसांच्या अंतराने पेरला. लवकर पेरलेला आणि उशिरा पेरलेला, दोन्ही सप्टेंबरच्या सुमारास जवळपास बरोबरच फुलले. दुसरे पीक होते तंबाखू. तिचा एक वाण उन्हाळाभर नुसता उंच वाढत राही आणि हिवाळ्यात काचघरात आणल्यावर डिसेंबरात फुले. खत, ओल, उष्णता या सगळ्यांचा विचार करून झाल्यावर त्यांनी झाडे दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली. दिवस आखूड होताच झाडे फुलली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. झाड दिवसाची लांबी ओळखते, हे त्या वर्षी जगाला कळले.

पुढची पायरी आणखी चमत्कारिक होती. पावसाळ्यानंतर पडीक रानात धोतराला चिकटणाऱ्या काटेरी फळांचे एक झाड आपल्याकडे उगवते. कुणी त्याला शंकेश्वर म्हणतात. त्याच्यावर हॅमनर आणि बॉनर यांनी केलेले प्रयोग १९३८ साली प्रसिद्ध झाले. दिवसाच्या मध्ये थोडा अंधार केला तर झाडाला काही फरक पडत नव्हता. रात्रीच्या मध्ये थोडा वेळ उजेड पाडला मात्र, की फुलणे थांबे. म्हणजे झाड दिवस मोजत नाही, ते रात्र मोजते. तीही सलग आणि न तुटलेली. रात्र मधेच तुटली, तर झाडाच्या हिशेबी ती झालीच नाही.

तोवर रशियात चैलाख्यान नावाचा शास्त्रज्ञ शेवंतीच घेऊन बसला होता. त्याने झाडाच्या वरच्या भागाची पाने काढून टाकली. खालच्या पानांना आखूड दिवस दिला आणि शेंड्याला लांब दिवस दिला. शेंडा फुलला. उलट केले, तर फुलला नाही. यावरून त्याने दोन निष्कर्ष काढले. रात्र ओळखण्याचे काम पाने करतात, आणि 'आता फुला' हा निरोप पानांकडून शेंड्याकडे जातो. त्या निरोप्याला त्याने १९३७ च्या सुमारास 'फ्लोरिजन' असे नाव दिले. हा निरोप्या म्हणजे पानात तयार होऊन शेंड्यापर्यंत प्रवास करणारे एक प्रथिन आहे, हे सिद्ध व्हायला मात्र २००७ साल उजाडले. सत्तर वर्षे त्याला केवळ नाव होते.

आता हे सगळे हिंगोलीच्या आकाशाखाली आणून पाहू. आपले गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला १९.७ अंशांवर आहे. इथला जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आतबाहेर असतो. फरक फार नाही, सव्वादोन तासांच्या आसपास. आपण तो स्वेटर काढेपर्यंत लक्षातही घेत नाही. शेवंतीला मात्र तो पुरतो. श्रावण-भाद्रपदात रात्र पुरेशी लांब झाली की पाने निरोप धाडतात. तिथून फूल उमलेपर्यंत, वाणानुसार, सहा ते पंधरा आठवडे लागतात. म्हणून शेवंती दसरा-दिवाळीची. तिला सणाची तिथी कळत नाही, पण सणाच्या आधीच्या रात्री तिने मोजलेल्या असतात.

झेंडूची कथा याहून मोठी आहे. तोरणात, गाडीला, पाटी-पुस्तकांना आपण जो झेंडू वाहतो, तो मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीज काळात तो आपल्याकडे आला. मेक्सिकोत त्याला 'सेम्पासुचिल' म्हणतात. जुन्या नाहुआ भाषेत त्याचा अर्थ वीस पाकळ्यांचे, म्हणजे भरगच्च फूल. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला पितरांचा सण असतो. गेलेल्या माणसांना घराची वाट दिसावी म्हणून उंबरठ्यापर्यंत या फुलांच्या पाकळ्या पसरतात. नकाशा उघडून पाहिला तर मेक्सिको शहर १९.४ अंशांवर आहे, म्हणजे जवळजवळ हिंगोलीच्या रेषेवर. दोन्ही गावांची रात्र एकाच मापाने वाढते. समुद्र ओलांडून आलेल्या झेंडूला इथे आपले घड्याळ फिरवावे लागले नाही. तो आला आणि त्याच आठवड्यांत फुलू लागला. आपण त्याला दसरा-दिवाळी दिली. चीनमध्ये नवव्या महिन्याच्या नवमीला शेवंतीचा मान असतो, तो दिवसही बहुतेक ऑक्टोबरातच येतो. सण वेगळे, देव वेगळे, पण फुले आपापल्या रात्री मोजूनच हजर होतात.

मग आईच्या शेवंतीची रात्र कुणी तोडली?

उत्तर फाटकासमोरच उभे होते. गेल्या वर्षी श्रावणात आमच्या गल्लीतल्या खांबावर पांढऱ्या उजेडाचा नवा दिवा बसला होता. आम्हाला त्याचा आनंदच झाला होता. आईला संध्याकाळनंतर कमी दिसते, त्या दिव्यामुळे ती एकटी अंगणात फिरू शकत होती. तो दिवा रात्रभर जळे आणि त्याचा उजेड थेट त्या सहा ठोंबांवर पडे. टाकीमागच्या ठोंबावर टाकीची सावली होती. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो. कोजागरीच्या चांदण्याने शेवंतीचा हिशेब चुकत नाही. दिव्याखालचा उजेड त्याच्या कित्येक पट असतो. आमची सहा झाडे दिवाळीपर्यंत न संपणाऱ्या दिवसात उभी होती. त्यामुळे ती वाढत राहिली, हिरवी राहिली आणि फुलली नाहीत.

पण मग ती जानेवारीत फुलली कशी? हा दुवा मला लवकर सापडेना. तो आईनेच दिला. एकदा बोलता बोलता ती म्हणाली, "तुळशीच्या लग्नाला किती अंधार होता अंगणात. पणत्या कशा शोभून दिसत होत्या." मी कॅलेंडर काढले. दिवा बंद पडला होता तो तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, आणि पुढे बरेच दिवस तो दुरुस्त झाला नव्हता. तिथपासून संक्रांतीनंतरच्या त्या आठवड्यापर्यंत मी आठवडे मोजले. साधारण दहा भरले. ज्या रात्री दिवा विझला, त्या रात्रीपासून शेवंतीने मोजायला सुरुवात केली होती. तिच्या मापाने ती अगदी वेळेवर आली होती.

फुलांचा धंदा करणारे हेच मुद्दाम करतात. जपानमधल्या अत्सुमी द्वीपकल्पात शेवंतीच्या शेकडो काचघरांत रात्री दिवे लावतात आणि हव्या त्या वेळी फुले आणतात. उलट, लवकर फुले हवी असतील तर संध्याकाळी काळे कापड ओढून रात्र लांबवतात. अमेरिकेत शेताकडेच्या दिव्याखालचे सोयाबीन बाकीचे शेत पिकून पिवळे पडले तरी हिरवेच राहिलेले दिसते. आमच्या गल्लीतल्या दिव्याने कुणी न सांगता तेच केले होते.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. उशिरा येणाऱ्या प्रत्येक फुलाचा दोष दिव्याला देऊ नये. झाडांची घड्याळे वेगवेगळी असतात. लिंबू-संत्र्याची बाग असलेल्या शेतकऱ्याला मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार सांगावे लागत नाहीत. तो पाणी तोडतो, झाडाला ताण देतो, पाने पिवळी पडू लागली की पुन्हा पाणी सोडतो, आणि झाड फुलते. अंगणातल्या कुंडीतल्या लिंबाला सुट्टीत आपण गावी गेल्यामुळे पाणी मिळाले नाही, तरी तेच घडते. परत आल्यावर पाणी घातले की अवेळी पांढरी फुले दिसतात. गुलाबाचे कारण तिसरेच. त्याची छाटणी केली की खालच्या डोळ्यांना फुटण्याची मोकळीक मिळते, आणि छाटणी उशिरा झाली तर फुलेही उशिरा येतात. झेंडूची वाळलेली बोंडे वेळीच खुडली तर झाड बी धरण्यात गुंतत नाही, पुन्हा फुलत राहते. न खुडलेल्या बोंडांचीही मजा असते. दसऱ्याचे वाळलेले तोरण आपण अंगणाच्या कडेला टाकतो, त्यातले बी रुजते. ही रोपे जन्मतःच लांब रात्रींत वाढतात, म्हणून वीतभर उंचीवरच फुलून मोकळी होतात. माघात पायरीच्या भेगेत दिसणारा तो एकुलता एक ठेंगणा झेंडू असा तोरणातून आलेला असतो.

म्हणून मी आता एक सवय लावून घेतली आहे. अवेळी फूल दिसले की आज काय घडले हे पाहत नाही, दीड-दोन महिन्यांपूर्वी इथे काय बदलले हे आठवतो. पाणी तुटले होते का? फांदी कापली होती का? एखादा दिवा लागला किंवा विझला होता का? बहुतेक वेळा काहीतरी सापडते. आपण विसरून गेलेली गोष्ट झाडाने टिपून ठेवलेली असते.

आईला मी हे सगळे सांगितले. गार्नर-अॅलार्ड आणि फ्लोरिजन गाळून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे उजेडानं झालं?"

"व्हय."

"मग तिला झोप नव्हती म्हण की." थोड्या वेळाने म्हणाली, "आपल्या खिडकीतबी येत होता तो."

माझ्या साऱ्या वाचनाचे सार तिने एका वाक्यात सांगितले होते, आणि ते चूकही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परडी घेऊन फाटकापाशी गेली. फुले तोडली, देवाला वाहिली, आणि ओंजळभर त्या शेजारच्या काकूंकडे पाठवली. त्यांच्याकडे त्या दिवशी हळदीकुंकू होते. आईला तिथे बोलावणे नव्हते. अशा घरांत विधवा बाईला अजूनही ते नसते. पण तिची फुले त्या तबकात होती, आणि काकूंनी ती परत पाठवली नाहीत.

दिवा आता दुरुस्त झाला आहे. तो असावा असेच आम्हा सर्वांना वाटते. आईच्या पायाखालचा उजेड शेवंतीहून महत्त्वाचा. तरी या वर्षी एक प्रयोग मांडला आहे. फाटकाजवळच्या सहा ठोंबांपैकी तीन उघडे ठेवले आहेत. उरलेल्या तिघांवर श्रावणापासून रोज दिवेलागणीला कोंबड्या झाकायची मोठी डाली पालथी घालतो. आतून जुन्या छत्र्यांचे काळे कापड शिवले आहे. सकाळी डाली काढतो. टाकीमागचा ठोंब आहे तसाच आहे. माझा हिशेब बरोबर असेल तर झाकलेले तीन टाकीमागच्याबरोबरच दिवाळीत फुलतील आणि उघडे तीन नुसते हिरवे राहतील. हे लिहितो आहे तेव्हा भाद्रपद चालू आहे आणि कुठेच कळी नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या अंगणात उत्तर आलेले असेल.

डाली घालण्याचे काम मी करणार होतो. दोन दिवस केलेही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर आलो तर तिन्ही ठोंब झाकलेले होते आणि आई पायरीवर बसून हात झटकत होती. तेव्हापासून ते काम तिचेच आहे.